फुटक्या शंखाचा खण

९ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? तुमच्या धाकट्या लेकीला नोकरी लागल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे संग्रहालयात रंगकाम चाललंय. जीवाश्मांची कपाटं व्हरांड्यात आणलीत आणि जुने नमुने पुन्हा तपासून त्यांची नावं पक्की करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

त्यात आमच्या शंखोबांचा खण निघाला. तुमच्या यजमानांना आम्ही सगळे तशीच हाक मारायचो. ते कधी रागावले नाहीत.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आमच्या सरांनी नाव दिलेले ते लहान, रेघारेघांचे समुद्री शंख ही वेगळी जात नाही. मोठ्या गुळगुळीत शंखांचीच ती पिल्लं. "शाळेतला फोटो आणि पेन्शनच्या कागदावरचा फोटो शेजारी ठेवून दोन माणसं आहेत म्हणणार का हो?" असं ते चहाच्या वेळी विचारायचे. सर हसायचे नाहीत. मग आम्हीही नाही.

खणात एक मोठा शंख मधोमध फुटलेला आहे. शंख वाढतो तसे बाहेरून वेढे चढत जातात; लहानपण आत तसंच राहतं. फुटल्यामुळे ते आतले वेढे उघडे पडलेत. त्यांवर त्याच रेघा आहेत. भिंगसुद्धा लागत नाही. सोबत शंखोबांची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: "कृपया हा बघावा."

वहिनी, हेच मांडणारा त्यांचा लेख ज्या अभिप्रायावरून नाकारला गेला, तो माझा होता. अशा अभिप्रायावर नाव नसतं, म्हणून तुम्हाला कधी कळलं नसेल. "सर्व नमुने प्रत्यक्ष तपासले," असं मी त्यात लिहिलं होतं. मी खण उघडलाच नव्हता. सरांनी दिलेले फोटो पाहिले, आणि सरांना काय हवंय ते पाहिलं.

त्यावरूनच त्यांची नेमणूक कायम झाली नाही. ते फरशीच्या दुकानात बसतात, हे मी आठ वर्षं इतरांकडून ऐकत राहिले. ते गेले तेव्हा मला ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता. तुमच्यासमोर उभं राहवलं नसतं.

परवा धाकटीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "काकू, तेव्हा खण उघडायला किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "दोन मिनिटं."

तिने फोन ठेवला.

सरांनी नाव दिलेली ती शंखांची जात आता रद्द होईल. शंखोबांचाच लेख पुन्हा पाठवतेय, एकट्या त्यांच्या नावाने. त्यासाठी घरच्यांची संमती लागते. कागद सोबत जोडलाय. तो खोटा अभिप्राय माझा होता, हे मी संचालकांना आणि संपादकांना लेखी दिलंय. तुम्ही सही केली नाहीत तरी ते मागे घेणार नाही. सही करावीशी वाटली, तर त्यांच्यासाठी करा. माझं मन हलकं व्हावं म्हणून करू नका.

'आपली' असं लिहायचा हक्क नाही, म्हणून नुसतीच,

तुमच्या हातचं दोन वर्षं जेवलेली