दुसऱ्याच्या मापाचे दार

मी महादेव गोविंद मेस्त्री, वय सदुसष्ट, धंदा सुतारकी, मूळ राहणार मिठबाव, तालुका देवगड, हल्ली जलीब, कुवैत. हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर केला, घरच्यांनी माफ करावे. परवा शनिवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे.

१. बँकेतली शिल्लक पत्नी सीताबाईची. खर्च करताना तिने मुलांची परवानगी मागू नये.

२. हत्यारांची पेटी खोलीतल्या रियाजला. रंधा मारताना घाई करतो, तरी त्यालाच.

३. मिठबावचे घर. चुलतभाऊ रविकांत, जो मला गावभर 'कुवैतचा शेख' म्हणतो, तो शेजाऱ्याशी चाललेला हद्दीचा दावा स्वतःच्या खर्चाने लढवतो म्हणतो. बदल्यात मुलगा सुदेश याने लिहून द्यायचे, की रविकांतला विचारल्याशिवाय घर विकणार नाही, भाड्याने देणार नाही, आणि पुढचे वारसही बांधील. फोनवर सुदेश म्हणाला, "बाबानू, रवीकाका घरचोच माणूस. एका सहीन काय जाता?"

सुदेश, इथे इंग्रजांचा पहिला एजंट, म्हणजे त्यांच्या सरकारचा प्रतिनिधी, आला तेव्हा माझे आजोबा त्याच्या घराच्या सुतारकामाला आले होते. ते सांगत, इथल्या शेखांना तुर्कांची धास्ती होती. म्हणून त्यांनी इंग्रजांना असेच लिहून दिले, की तुम्हाला विचारल्याशिवाय जमीन कोणाला देणार नाही, विकणार नाही, आणि माझे वारसही बांधील. पुढे काही वर्षांनी एजंट राहायलाच आला. त्याला होते ते दार ठेंगणे पडले. आजोबांनी भिंत फोडून त्याच्या मापाची चौकट बसवली.

इथल्याच मंगफ भागातले इंजिनिअर राजन म्हणतात, "मेस्त्रीकाका, त्या कागदानेच कुवैत वाचलं." वाचले असेल. पण तो कागद सुटायला बासष्ट वर्षे लागली. मिठबावला तेवढी वर्षे वाट कोण बघणार?

म्हणून सुदेशने सही केली नसेल तर घर त्याचे. केली असेल तर मुलगी समिधाचे. नावाची जागा कोरी ठेवली आहे: ____________. कोरी जागा कोर्टात चालत नाही असे राजन म्हणतात, म्हणून नाव भरल्यावरच सह्या होतील.

साक्षीदार: १) राजन देवधर, राहणार मंगफ; २) शरद गावकर, राहणार जलीब. (सह्या बाकी)

महादेव गोविंद मेस्त्री (सही बाकी)

जलीब अल शुयूख, गुरुवार, २३ जानेवारी २००३

सुदेश, हा कागद राजन आजच तुला फॅक्सने पाठवत आहेत. उद्या शुक्रवारी ते दिवसभर घरी आहेत, त्यांच्या नंबरवर फोन कर. सही केली असलीस तरी कर, रागावणार नाही. मला तुझेच नाव लिहायचे आहे. लवकर कळव.