संगणकातून गहाळ झालेल्या आठशे गतीबाबत

प्रति,
मा. उपनियंत्रक साहेब,
वजने व मापे, विभागीय कार्यालय.

(हा अर्ज निरीक्षक साहेबांमार्फत यावयास हवा होता. तो त्यांच्याचबद्दल असल्याने थेट पाठवीत आहे. क्षमा असावी.)

विषय : कार्यालयीन संगणकाच्या गतीत आढळलेल्या ८०० च्या तुटीबाबत माझ्यावरील आक्षेप रद्द करून मला बदलीच्या जागी जाण्यास कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : १) माझ्या बदलीचा आपला आदेश. २) निरीक्षक साहेबांचा आक्षेप. ३) आक्षेपावर माझा खुलासा व खुलाशावर त्यांचा नवा आक्षेप.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या कार्यालयात आवक-जावक लिपिक असून माझी बदली माझी पत्नी राहते त्या गावी झाली आहे. ती तेथील रुग्णालयात परिचारिका आहे. लग्नानंतरचा बहुतेक संसार आम्ही फोनवरच केला. म्हणून आदेश आला त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला, निरीक्षक साहेबांना दोनदा. आमचे वैर नाही हे कळावे म्हणून नमूद केले.

२. घोळ संगणकाने घातला. तो माझ्या ताब्यात आहे. पूर्वी त्यावर फाइल उघडायला लावून मी शेजारच्या टेबलांवरची ख्यालीखुशाली विचारून येत असे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. सबब माझ्याच विनंतीवरून त्यात रॅमची एक जादा पट्टी बसवण्यात आली. जुनी पट्टी २४०० गतीची होती. तसली मिळेना, म्हणून दुकानदाराने ३२०० ची दिली आणि वर म्हणाला, "कमी तर देत नाही ना साहेब, जास्तच देतोय!" तेव्हापासून काम सुरळीत चालले. ख्यालीखुशाली मात्र बंद पडली.

३. पदभार सोपवताना निरीक्षक साहेब बिल घेऊन पडताळणीस बसले. बिलावर ३२००, पडद्यावर २४००. आपणास ठाऊकच आहे, साहेबांची हयात दुकानदारांची मापे तपासण्यात गेली. त्यांच्या घरचा दूधवालाही माप धरताना थरथरतो म्हणे. छापले एक आणि भरले एक, हे दिसताच ते खुर्चीतून उठलेच. "वरचे आठशे कुठे गेले?" असे त्यांनी मला सर्वांदेखत विचारले. माझे हात आपोआप खिशाबाहेर आले.

४. मी संगणक दुरुस्तीवाल्यास बोलावले. तो म्हणाला, "अहो, दोन वेगळ्या गतींच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही कमी गतीनेच चालतात. जलद पट्टीला मंद पट्टीबरोबर चालावं लागतं. चोरी कसली आलीय? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय!" हे मी माझ्या खुलाशात शब्दशः उतरवले, आणि तिथेच फसलो. त्यावर शेरा आला : "ढवळ्या व पवळ्या यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत आढळत नाही. ते कार्यालयात कोणाच्या परवानगीने बांधण्यात आले, याचा खुलासा करावा."

५. तदनंतर दोन्ही पट्ट्या काढून कार्यालयाच्या प्रमाण तराजूवर ठेवण्यात आल्या. नवी पट्टी जुनीपेक्षा हलकी भरली. "मला वाटलंच होतं," असे साहेब म्हणाले. काय वाटले होते, ते विचारण्याचे धाडस कोणास झाले नाही. हेडक्लार्क बाईंनी समेटाचा प्रयत्न केला. त्यांच्या मते दोन्ही गतींची सरासरी २८००, म्हणून तूट चारशेचीच. आता कार्यालयात दोन तट पडले असून एक आठशेवाल्यांचा व दुसरा चारशेवाल्यांचा आहे. मी चोर आहे याबाबत मात्र दोहोंत मतभेद नाही.

६. अखेर पट्ट्या परत बसवून संगणकास "खोटे माप" ठरवण्यात आले. भोवती तार गुंडाळून शिशाचे सील ठोकले. माझ्या कार्यमुक्तीचा आदेश त्याच संगणकात तयार असून फक्त छापायचा राहिला आहे. हा अर्जही त्याचमुळे हाताने लिहिला आहे. जुनी पट्टी काढली तर नवी एकटी पुरे ३२०० दाखवील, असे दुरुस्तीवाला सांगतो. परंतु तूट भरून निघाल्याशिवाय सील तुटणार नाही, आणि सील तुटल्याशिवाय तूट भरून निघणार नाही. निरीक्षक साहेबांना हे पटते. ते म्हणतात, नियम तसाच आहे.

७. सासूबाईंनी फोनवर विचारले, "जावईबापू, सील संगणकाला लागलंय की तुम्हाला?" मी हसलो. पत्नी हसली नाही. ती रोज "कधी येताय?" असे विचारायची. या आठवड्यात तिने ते विचारणे सोडून दिले. काल म्हणाली, "कपाटातला तुमचा खण रिकामाच पडलाय. त्यात चादरी ठेवू का?" मी म्हणालो, ठेव. फोन ठेवल्यावर मला फार भीती वाटली, महोदय. आजवर ती माझी वाट पाहत होती, म्हणून लांब राहणे जमत होते. तिला माझ्यावाचून राहायची सवय झाली तर मी तिथे जाऊन काय करू?

८. तरी तूट खुशाल माझ्या नावे लिहावी. आठशे लिहा, चारशे लिहा, ढवळ्या-पवळ्यासकट मी सही करतो. नव्या जागी जरा झपाझप काम करून ती फेडीन म्हणतो. फक्त ते सील तोडून माझा आदेश छापू द्यावा. चादरी अजून धुवायच्या आहेत, असे ती म्हणाली होती. त्या वाळायच्या आत मला मोकळे करावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
आवक-जावक लिपिक

दिनांक : आज, बुधवार. ऊन कडक आहे.