दोघी आत, एक बाहेर

प्रिय आत्या,

लांडग्यांच्या चित्रणासाठी बसलेय आणि लपणात बोलायचं नसतं, म्हणून लिहितेय. पेनाचं टोपण वाजतं, म्हणून पेन्सिलनं. ऊन वर आलंय, माळावर झळा उठल्यात आणि कॅमेऱ्यातून बघावं तर समोरची टेकडी उतू जाणाऱ्या दुधासारखी हलतेय. आता उन्हं कलेपर्यंत चित्रण बंद. उठून बाहेर जावं, तर सकाळपासूनची बैठक वाया. मग करू काय? तुझ्याशी भांडते!

पहिलं भांडण हेच, की छातीत दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? मला पुण्यातून यायला काय महिना लागला असता? अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुझ्या नाकाला नळी, आणि ती बाजूला करून तू मलाच विचारत होतीस, "पाणवठ्याला पाणी टाकलं का गं?" अगं, स्वतःचं बघायचं सोडून!

या लपणाला तू खोपटं म्हणायचीस. तुराट्या, फाटकी ताडपत्री, वरून बाभळीचे काटे. पहिल्या दिवशी हट्टानं माझ्यासोबत आत बसलीस, आठवतं? बांगड्या वाजतात म्हणून मी त्यांना रुमाल गुंडाळला. मग तू शिंकलीस. मग मिश्री लावायची आठवण झाली. मग चक्क घोरलीस. लांडगा सोड, त्या दिवशी समोर साधं होल्याचं पाखरूही उतरलं नाही.

खरं सांगू? तुला बाहेर काढायला म्हणूनच मी तुला ती युक्ती सांगितली. दोघींनी आत जायचं, थोड्या वेळानं एकीनं उघड उघड बाहेर पडायचं. लांबून बघणाऱ्या जनावराला वाटतं, माणूस गेलं, खोपटं रिकामं झालं. चित्रण करणाऱ्या लोकांची ही नेहमीची पद्धत. पण तू ती अशी काही उचललीस की बस! जाताना रिकामा दुधाचा कॅन मुद्दाम वाजवत जायचीस. वर जोरात म्हणायचीस, "जाते गं बाई मी! कुनी न्हाई बरं का हितं!" मला हसू आवरत नसे आणि कॅमेरा हलायचा.

तुझ्या दूध संस्थेच्या बायकांनी तर मला जेरीस आणलं होतं. गावापासून लांब, उन्हातान्हात एकटी पोर बसलीय आणि तिला चहा विचारायचा नाही, हे त्यांना झेपतच नव्हतं. ती फाटक्या कानाची लांडगीण पहिल्यांदा पाण्याच्या कडेला आली, मान खाली घातली, मी श्वास रोखला, आणि मागून हाक आली, "वैशे, बिनदुधाचा करू का दुधाचा?" किटली घेऊन त्यांच्यातल्याच शेजारच्या काकू उभ्या! मादी कुठल्या कुठे पळाली. पुढं कितीतरी दिवस फिरकली नाही. मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या दिवशी तू दूध संस्थेच्या ओट्यावर उभी राहून जाहीर केलंस, "जी खोपटाकडं चहा नेईल, तिचं दूध घेनार न्हाई." तू अध्यक्ष होतीस, कुणाची बिशाद! त्यानंतर चहा बंद झाला. काकू मात्र अजून विचारतात, की त्या लांडगिणीला चहाचा एवढा राग का.

त्या मादीला तू पाटलीण म्हणायचीस, कारण पाणी पिण्याआधी ती सगळा माळ असा न्याहाळते, जणू सात-बारा तिच्याच नावावर आहे.

पाणवठा तुझाच. टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, तेव्हा तू प्रत्येकीला सांगितलंस, दूध घालायला येताना घरून तांब्याभर पाणी आणा. दूध एका कॅनमध्ये, पाणी दुसऱ्यात. आणि तो दुसरा कॅन डोक्यावर घेऊन तू माळावर यायचीस. मामांनी, तुझ्या मालकांनी, त्यावरून केवढं आकांडतांडव केलं होतं! त्यांची गाभण शेळी पाटलिणीनं नेली होती. त्यांना तिच्या बिळात धूर करायचा होता आणि तू निघालीस तिला पाणी पाजायला. तुमचं ते भांडण मी ऐकलंय. ते म्हणाले, "शेळी माजी गेली आन् पानी तिला?" तू म्हणालीस, "आमी पोरं काखंत मारून ऊस तोडाया जात व्हतो, तवा वाटंत कुनी तरी पानी दिलंच की. ती बी लेकरं घेऊन फिरती. धूर करायचा आसंल तर आधी माज्या चुलीत करा." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पण धूरही केला नाही.

तू गेलीस आणि तुझा कॅन संस्थेच्या कोपऱ्यात पालथा पडला. बायका दूध घालायच्या, गुमान घरी जायच्या. यंदा पालीचं धरणही तळाला गेलंय, तर कुणाला काय म्हणायचं? पाणवठ्याच्या तळाशी भेगा पडल्या. पाटलिणीची पिल्लं आता आईमागं हिंडायला लागलीत. पिल्लं पाण्यावर येतात, एवढंच एक चित्रण राहिलंय, आणि त्याच्याशिवाय आपला सिनेमा म्हणजे नुसता सुकलेला माळ.

मी घरून कळशी आणून ओतली. एकटीच आत बसले. पाटलीण आली गं! समोरच्या उतारावर आली, खाली बसली आणि लपणाकडं बघत राहिली. पाण्याकडं नाही, लपणाकडं. उन्हं चढेपर्यंत बसून होती. मग उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती कुणीतरी बाहेर पडायची वाट बघत होती. आत्या, ती तुझी वाट बघत होती! मी ताडपत्रीत तोंड खुपसून रडले. आवाज न करता रडायचं म्हणजे किती अवघड, ते त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात सिनेमा घेणाऱ्या कंपनीचा फोन. पाऊसकाळाच्या आत सिनेमा हवा. साहेब म्हणाले, शेळी बांधा, लगेच येईल. नाहीतर माणसाळलेला लांडगा मिळतो, पिंजऱ्यातून आणू, प्रेक्षकाला काय कळतंय? मी म्हटलं, मला कळतंय. ते म्हणाले, मग तुझं तू बघ. बघतेच आहे. चित्रण पवनचक्कीच्या घरघरीत करते, लग्नसराईच्या डीजेत करते, कॅमेऱ्यात धूळ जाते ती ब्रशनं काढते, वारा फिरला की माझा वास तिच्याकडं जाऊ नये म्हणून अख्खं लपण उचलून पलीकडं नेते. हे सगळं चालेल. पण तिला शेळी दाखवून बोलावणार नाही. आज शेळी बांधली, की उद्या ती गावातल्या गोठ्यात शोधेल आणि मग धूर कोण थांबवणार? तू तर नाहीस!

काल संध्याकाळी संस्थेत गेले. बायकांना सांगितलं, एक तांब्या पुन्हा सुरू करा. बायका आपापली भांडी उचलायला लागल्या. तेवढ्यात दारातून मामा आत आले. तुझा कॅन सुलटा केला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि घरून आणलेला तांब्या त्यात रिता केला. कुणाकडं बघितलं नाही. म्हणाले, "चला, घाला बगू. ती आसती तर आत्तापत्तुर शिव्या दिल्या आसत्या." आणि आत्या, कॅन भरला! काकूंनी तर दोन तांबे ओतले. मग मामा माझ्याकडं वळले. "उद्या मी येतो खोपटात. भाईर मीच पडतो. कॅन वाजवायचा आस्तो ना?"

आज पहाटे आम्ही दोघं आत आलो. मामा गुडघे पोटाशी घेऊन बसले. तुझ्यासारखे शिंकले नाहीत. वेळ झाली तसे उठले आणि असा काही कॅन बडवत निघाले की मला वाटलं, आता चार गावांचे लांडगे पळणार! पण पाटलीण उतारावर उठून उभी राहिली. कान टवकारले. मागून तीन डोकी वर आली. ती खाली यायला लागली, अर्ध्यात आली, पिल्लं तिच्या पायांत पायांत... आणि मामा थांबले. वळले. बघत उभे राहिले.

गेली सगळी. मी कॅमेऱ्याच्या मागं कपाळावर हात मारला. मामांना कळलं. तिथूनच हात जोडले आणि लपणाजवळ येऊन, आत न शिरता, जमिनीकडं बघत म्हणाले, "चुकलं पोरी. वळायचं न्हाई हे ठावं व्हतं. पर तुजी आत्या रोज कशापाई हितं येत व्हती, ते एकडाव बगायचं व्हतं मला." मी ताडपत्रीखालून पाण्याची बाटली बाहेर सरकवली. लपणात बोलायचं नसतं.

जाता जाता म्हणाले, "उद्या न्हाई वळनार. तिची आन."

तर आत्या, माझाही शब्द घे. शेळी बांधणार नाही, पिंजऱ्यातलं जनावर आणणार नाही. कंपनीनं सिनेमा नाही घेतला तर संस्थेच्या ओट्यावर चादर बांधून दाखवीन, आणि त्या दिवशी काकूंनी हवा तेवढा चहा करावा. एवढे दिवस तुझ्या कॅनचा ठणठणाट आणि तुझी हाक मी चित्रणाच्या आवाजातून कापून टाकत आले. आता कापणार नाही. पडदा काळाच असेल, आणि आधी कॅन वाजेल. मग तू म्हणशील, "कुनी न्हाई बरं का हितं!" आणि मग पाटलीण पाण्यावर येईल.

उद्या पुन्हा दोघं आत जाऊ. एक जण कॅन वाजवत बाहेर पडेल, मागं न बघता. मी आत बसलेली असेन. परवाही. ती येईपर्यंत.

तुझी भाची,
वैशाली