कोपऱ्यावरचे अडीच फूट

मी, नासिर कासिम शेख, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिंपीकाम (आता बंद), राहणार घर क्रमांक एक, सोनबाचा मळा, गल्ली क्रमांक तीन, हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. सकाळचे अकरा वाजले आहेत, मुलगा कामावर गेला आहे, सुनेने चहा आणून ठेवला आहे आणि शेजारी सूरजच्या इमारतीत कोणीतरी फरशी कापत बसलं आहे. तो आवाज चार वर्षं चालू आहे. आता तो थांबला तर मला झोप लागणार नाही.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करावं असं वाटण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं.

२. माझी पत्नी सुगराबी मार्च २०२२ मध्ये वारली. मागे मुलगा शहेजाद, जो माझ्याजवळ राहतो, आणि मुलगी अफशीन, जी हिंजवडीला नोकरी करते आणि तिकडेच राहते. घर आणि बँकेत जे काही असेल ते या दोघांत शरियतप्रमाणे वाटलं जावं. त्यात मी माझी अक्कल चालवत नाही. एवढंच सांगतो की अफशीनचा हिस्सा अफशीनला मिळावा. आमच्या गल्लीत मुलींना साडी नेसवून, गोडधोड खाऊ घालून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत आहे. शहेजाद, तू हे करू नकोस. तुझ्या बहिणीने दहावीपर्यंत माझ्या दुकानात काजं-बटणं केली आहेत. तू क्रिकेट खेळत होतास.

३. घराबद्दल. ही जमीन १९८१ साली सोनबा पाटील यांच्याकडून घेतली. त्यांचा इथे उसाचा मळा होता. त्यांनी तो मोडून प्लॉट पाडले आणि नकाशात मधला रस्ता वीस फुटांचा दाखवला. त्यांचा मुलगा मच्छिंद्र माझ्या वयाचा. माझ्या शेजारचा प्लॉट पाटलांनी विकला नाही, स्वतःसाठी ठेवला. चाळीस वर्षं तो मोकळाच होता. तिथे पोरं खेळली, लग्नांचे मांडव पडले, अफशीनचाही पडला. मला वाटायला लागलं होतं की तो गल्लीचाच आहे. मोकळ्या जागेकडे रोज पाहून माणसाचा असा समज होतो.

२०२० साली मच्छिंद्रचा मुलगा सूरज याने तिथे सात मजली इमारत काढली. दोन बैठ्या घरांच्या मध्ये सात मजले, चौदा बिऱ्हाडं. आमच्या नळाला आधीच करंगळीएवढं पाणी. ड्रेनेज सोनबांच्या काळातलं. चौदा बिऱ्हाडांच्या गाड्या लावणार कुठे, आग लागली तर बंब येणार कुठून, हे प्रश्न गल्लीतल्या बावीस घरांनी विचारले. मी तेव्हा फार उत्साहात होतो. अर्ज मीच लिहिला.

४. आता भिंतीबद्दल. हे कलम लिहायला मला तीन वर्षं लागली, म्हणून वाचणाऱ्याने घाई करू नये.

माझं घर गल्लीच्या तोंडावर, कोपऱ्यावर आहे. समोर विजेची डीपी आहे, ती हलत नाही. १९९४ साली मी कुंपणाची नवी भिंत बांधली. दुकानातली दोन मशीनं घरी आणायची होती, पत्र्याची शेड टाकायची होती, आणि जागा अडीच फुटांनी कमी पडत होती. पुढच्या सगळ्या घरांनी आपापल्या भिंती तोवर रस्त्यावर सरकवल्या होत्याच. मी दोरीचं एक टोक धरलं, मच्छिंद्रने दुसरं. मी म्हणालो, रस्ता अडेल का रे?

मच्छिंद्र म्हणाला, “आरं घे की! वीस फुटांचं काय करायचंय? हितं काय यष्टी येणार हाय?”

घेतले. अडीच फूट.

५. अर्जाला मोजमाप जोडावं असं मलाच सुचलं. शिंपी माणूस, टेप गळ्यातच असतो. विमलाबाई कुलकर्णी, गल्लीतलं शेवटचं घर, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त, त्यांनी वहीत आकडे लिहून घेतले आणि मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजत गेलो. कुठे चौदा फूट, कुठे पंधरा. माझ्या कोपऱ्यावर, डीपीपर्यंत, नऊ. नकाशा काढला, बावीस सह्या घेतल्या. एवढ्या अरुंद गल्लीत सात मजली इमारत कशी उभी राहते, असा सवाल लाल शाईने केला.

दोन महिन्यांनी महापालिकेचं उत्तर आलं. मंजूर नकाशाप्रमाणे रस्ता वीस फूट असून अर्जदारांनी स्वतः केलेल्या मोजणीवरून तो नऊ ते पंधरा फूट भरतो, सबब उर्वरित जागा कोणी व्यापली आहे याचा खुलासा अर्जदारांनी करावा. बावीस घरांना बावीस नोटिसा.

विमलाबाई मला दारात उभ्या राहून म्हणाल्या, “शेखभाऊ, आपण आपल्याच विरुद्ध अर्ज केलात. आणि तोही तीन प्रतींत.”

त्या आठवड्यात अर्ज मागे घेतला गेला. खुलासा कोणी केला नाही, नोटिसांचं पुढे काही झालं नाही आणि भिंतीही कोणाच्या हलल्या नाहीत. सूरज भेटला तेव्हा अगदी अदबीने म्हणाला, “चाचा, पेपरवर वीस फूट आहे ना, मग परमिशन वीस फुटांचीच मिळते. ग्राउंडवर काय आहे ते तुमचं तुम्ही बघा.” मला त्याचा फार राग आला. तो खरं बोलत होता, म्हणून जास्त.

६. इमारत वर चढली तसं आमच्या गच्चीवरचं ऊन गेलं. सुगराने तक्रार केली नाही, ती फक्त शेवया वाळवायला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला विमलाबाईंच्या गच्चीवर जायला लागली. २०२२ साली रमजानच्या आधी ती अशीच तिथे गेली होती. वरून खाली आली, पाणी मागितलं आणि बसल्या जागी कोसळली. विमलाबाईंनी रुग्णवाहिका बोलावली आणि मला फोन केला.

रुग्णवाहिका लवकर आली. गल्लीच्या तोंडाशी सूरजचा विटांचा ट्रक आडवा उभा होता. ट्रक कधीच आत येत नसत, माल हातगाड्यांवरून आत जायचा. मच्छिंद्र तिथे उभा राहून विटा मोजून घेत होता. त्याने शिव्या घालून ट्रक काढायला लावला. दोन मिनिटं गेली असतील. मग रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने गाडी वळवायला घेतली. एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे. नंतर काच खाली करून म्हणाला, “काका, ट्रक निघाला हो, पण हा कोपराच वळत नाही. ही भिंत कोणाची?”

मी काही बोललो नाही. मच्छिंद्र माझ्याकडे बघत होता.

मग आम्ही दोघं माझ्या घरातली खुर्ची उचलून धावलो. चारशे फूट जायला आणि सुगराला बसवून चारशे फूट यायला. एका बाजूने मी, एका बाजूने तो. आम्ही दोघंही सत्तरीचे, दोनदा खुर्ची खाली ठेवावी लागली. रुग्णालयाच्या दारात ती गेली. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं.

शहेजाद संध्याकाळी आला आणि त्याने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, सूरजचा ट्रक आडवा होता.

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं टिकलं. शहेजादने सूरजची कॉलर धरली, गल्लीने पाटलांकडचं जेवणखाण सोडलं, मच्छिंद्र मयतीला आला तर त्याला कोणी बस म्हटलं नाही. तो उभा राहिला आणि गेला. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ट्रक निघाला होता. ते त्याने तीन वर्षांत कोणाला सांगितलं नाही, पोटच्या मुलालाही नाही. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण त्याच्याकडे पाहिलं की मला ड्रायव्हरचा प्रश्न ऐकू यायचा. मला माझी लाज वाटते. ती इथे लिहिण्यावाचून दुसरी जागा उरलेली नाही.

७. आमच्यात मयताच्या मालमत्तेची वाटणी होण्याआधी त्याच्याकडे दुसऱ्याचं जे राहिलं असेल ते परत करतात. जनाजाच्या नमाजाआधी मुलगा उभा राहून विचारतो, माझ्या वडिलांकडे कोणाचं काही राहिलं असेल तर सांगा. शहेजाद, तू विचारशील तेव्हा गल्लीतलं कोणी बोलणार नाही, कारण त्यांच्या भिंतीही पुढेच आहेत. म्हणून मी लिहून ठेवतो. अडीच फूट रस्ता माझ्याकडे राहिला आहे. तो माझा नाही, तेव्हा मी तो कोणाला देऊही शकत नाही. माझा जनाजा उचलण्याआधी भिंत पाडावी. आधी भिंत, मग मी. विमलाबाईंचे यजमान सहा महिने अंथरुणाला खिळले आहेत, पुन्हा तीच गाडी त्याच कोपऱ्यावर अडायला नको. भिंत पाडल्यावर शहेजादने सूरजकडे जाऊन माफी मागावी, आणि ट्रक निघाला होता हे मोठ्याने सांगावं.

त्यानंतर घर विकायचं असेल तर विका, सूरजलाच द्यायचं असेल तर त्यालाही द्या. इथे आणखी सात मजले झाले तरी मी बघायला नसेन. मी अर्ज लिहून दमलो.

८. किरकोळ. पायाचं शिलाई मशीन नात सबा हिला. तिला शिवता येत नाही, पण लहानपणी ती त्याच्या पायट्यावर बसून झोपायची. मोठी कात्री गाडीतळावरच्या माझ्या जुन्या दुकानात माझ्यानंतर बसलेल्या कारागिराला, पण त्या कात्रीने कागद कापायचा नाही. टेप सूरजला. त्याने पुढची इमारत बांधण्याआधी तो रस्त्यावर टाकून बघावा. माझं कफन कपाटाच्या खालच्या कप्प्यात कापून ठेवलेलं आहे. माप बरोबर आहे, पुन्हा कापड आणू नये.

९. मच्छिंद्र सोनबा पाटील याला मी काहीही देत नाही. वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. मला त्याची सही हवी आहे. त्या दिवशी त्या कोपऱ्यावर साक्षीला तोच होता.

हे सर्व मी समजून, वाचून, दोनदा खोडून लिहिलं आहे.

ठिकाण: हडपसर, पुणे
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५

नासिर कासिम शेख (सही)

साक्षीदार:
१. मच्छिंद्र सोनबा पाटील (सही)
२. विमलाबाई श्रीधर कुलकर्णी (सही)

पुरवणी

मी, वर लिहिलेला नासिर कासिम शेख, वरच्या मृत्युपत्रात पुढीलप्रमाणे बदल करतो.

सहीच्या दिवशी मच्छिंद्र आला. तीन वर्षांनी माझ्या ओट्यावर बसला. चष्मा नव्हता, म्हणून विमलाबाईंनी त्याला सगळं वाचून दाखवलं. सहावं कलमही त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मच्छिंद्रने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

मग म्हणाला, “सही करतो. पर भिंतीचं मेल्यावर कशापायी?”

मी म्हणालो, “जिवंतपणी पाडली तर शहेजाद विचारेल, का पाडली.”

“इचारू दे की. दोरी मी बी धरली व्हती. दोघं मिळून सांगू.”

रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी शहेजादला सांगितलं. तो उठून आत गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गुरुवारी सकाळी त्याने कामावर सुट्टी टाकली आणि पहार घेऊन अंगणात उतरला. माझ्याकडे त्याने अजून नीट पाहिलेलं नाही, आणि मी त्याला त्याबद्दल काही म्हणणार नाही. दुपारी सूरज आला. शहेजादने हात पुसले आणि त्याच्यासमोर उभा राहिला. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नंतर सूरजने राडारोड्यासाठी आपला टेम्पो लावला.

विटा हलवून झाल्यावर मच्छिंद्रने दोरीचं एक टोक धरलं, मी दुसरं. जुन्या खुणेवर नवी भिंत उभी राहील, शेड गेली तर गेली. कोपरा आता साडेअकरा फूट आहे. पुढच्या कोणाचीही भिंत हललेली नाही. गल्लीतल्या दोघांनी येऊन विचारलं, तुम्हाला पुन्हा नोटीस आली का?

सबब, कलम सातमधला भिंत पाडण्याचा आणि माफीचा मजकूर रद्द समजावा. बाकी मृत्युपत्र कायम.

मंगळवारी विमलाबाईंच्या यजमानांना श्वास लागेना. मी ओट्यावरच बसलो होतो. रुग्णवाहिका आली, कोपऱ्यावर वळली आणि आत गेली. ड्रायव्हरने काचही खाली केली नाही.

ठिकाण: हडपसर, पुणे
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

नासिर कासिम शेख (सही)

साक्षीदार:
१. मच्छिंद्र सोनबा पाटील (सही)
२. विमलाबाई श्रीधर कुलकर्णी (सही. रुग्णालयात, यजमानांच्या खाटेशेजारी बसून केली. ते बरे आहेत.)