तिन्ही चित्रांवर लाल टिकली

सोमवार, ३ मार्च

चहाच्या टेबलावर कन्येने जाहीर केलं. बावीस तारखेला सभागृहात जे चित्रप्रदर्शन आहे त्यात तिची तीन चित्रं लागणार. ती विकली गेली तर विमा कंपनीतली नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढणार. नाही विकली गेली तर मुकाट्याने नोकरी करणार, पुन्हा विषय काढणार नाही. साहेबांना महिनाअखेरपर्यंत सांगते म्हणाली आहे.

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, बघू या की. यांचं सगळं आयुष्य 'बघू या की'मध्ये गेलं.

मी शांतपणे म्हणाले की चित्र काढणं हा छंद आहे, त्यावर घर चालत नाही. (शांतपणेच. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली तो योगायोग.) तर म्हणते, आई, तुला चित्रातलं काय कळतं?

मला! बी.एस्सी., गणित, पहिला वर्ग. उभा जन्म भूमिती शिकवण्यात गेला. चित्र म्हणजे शेवटी रेघा आणि कोनच ना?

निश्चय एक: प्रदर्शनाच्या आत चित्रकला हा विषय संपवायचा. जेवढ्या गॅलऱ्या आहेत तेवढ्या बघायच्या. मग तिला पुराव्यानिशी पटवायचं.

निश्चय दोन: चिडायचं नाही.

गुरुवार, ६ मार्च

पहिली गॅलरी. बँकेच्या वरचा मजला. पांढऱ्या भिंती, इतका ए.सी. की नाक गळायला लागलं. बसायला एक बाक, तोही मध्यभागी, टेकायला काही नाही. एका कागदावर तीन रेघा, खाली कलावंताचं भाषण पानभर. रेघा समांतर आहेत का हे बोटाने बघत होते तर पहारेकरी धावत आला. बाई, हात लावू नका. मी म्हटलं, लावत नाहीये, तपासतेय.

पुढचं चित्र वाकडं टांगलेलं. कुणालाच पर्वा नाही. मी सरळ केलं. पुन्हा पहारेकरी. ते वाकडंच लावायचं आहे म्हणे. मी विचारलं, किती अंशांत? मी सरळच ठेवून आले.

एक महत्त्वाचा शोध मात्र लागला. काही चित्रांखाली छोटी गोल लाल टिकली चिकटवलेली असते. मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. जन्मभर वह्या तपासल्या आहेत. लाल म्हणजे चूक. आणि गंमत म्हणजे ज्या पाच चित्रांना टिकली होती ती खरोखरच सगळ्यांत भिकार होती. म्हणजे परीक्षकाचं आणि माझं मत तंतोतंत जुळलं. एवढ्यात नजर तयार झाली. मला वाटलं होतं आठवडा जाईल.

शनिवार, ८ मार्च

आणखी दोन गॅलऱ्या. एकीत जमिनीवर चपला मांडल्या होत्या. मला वाटलं बाहेर काढून ठेवायच्या असतील, म्हणून माझ्याही तिथेच काढल्या. निघताना कुठल्या माझ्या यावरून वाद. माझ्याच माझ्या हातात देईनात. दुसरीत लाल टिकल्या नीट लावलेल्या. एकूण शिस्त बरी आहे.

घरी येऊन कन्येला म्हटलं की तुझ्या सिंकच्या चित्रात नळाची सावली चुकीच्या बाजूला पडलीये. ती म्हणाली, सिंकवर दोन उजेड येतात आई, एक खिडकीचा आणि एक बल्बचा. मी जाऊन पाहिलं. आहेत दोन. पण प्रश्न तो नाही. प्रश्न हा आहे की चित्रात आपलं सिंक आहे आणि त्यात खरकटी भांडी आहेत. लोकांना वाटेल आपल्याकडे भांडी पडलेली असतात. हे म्हणाले, असतातच की. यांच्याशी दोन दिवस बोलायचं नाही.

शनिवार, १५ मार्च

वाचनालयाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचं प्रदर्शन. मी स्वतःला ज्येष्ठ समजत नाही, पण अभ्यास म्हणून गेले.

भयंकर. फुलदाण्या लंगड्या, सूर्यास्त केशरी रंगाचा डबा सांडल्यासारखे. निवृत्त पोस्टमास्तरांचा एक निळा घोडा, त्याचे चारही पाय एकाच बाजूला. आणि एकाही चित्राला टिकली नाही! नुसते लाड. वय झालं म्हणून काय चुका दाखवायच्याच नाहीत? हा त्या लोकांचा अपमान आहे.

समोरच स्टेशनरीचं दुकान. लाल टिकल्यांचं पाकीट घेतलं. आठ जणांना लावल्या. घोड्याला पहिली.

लोकांनी ज्या प्रकारे ते घेतलं ते पाहून मन भरून आलं. पोस्टमास्तरांनी टिकली पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग बायकोला हाक मारली, अगं ए, इकडे ये, अगं घोडा! दोघं रडत होती. एका आजींनी तर सगळ्यांना पेढे वाटायचं ठरवलं. चूक दाखवल्यावर इतका आनंद झालेला विद्यार्थी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. आजकालच्या मुलांनी शिकावं.

शुक्रवार, २१ मार्च

उद्या प्रदर्शन. कन्येला झोप नाही, भूक नाही. तिन्हींतलं टॉवेलचं चित्र चार वेळा पुसून पुन्हा रंगवलं. मी म्हटलं, उद्या काय व्हायचं ते होईल, निकाल खुल्या मनाने स्वीकार. तिने माझ्याकडे बघून विचारलं, आई, एक सांग, तुला एक तरी आवडलं का?

मी म्हटलं, खुर्च्यांचं बरं आहे.

ती एकदम हसली. बरं म्हटलं म्हणून एवढं हसायचं? मी खोटं बोलत नाही. ऑफिसच्या बोळात एकावर एक रचलेल्या खुर्च्या आहेत. बरं आहे म्हणजे बरं आहे. मी पुन्हा दोनदा जाऊन पाहिलं, पण ते कोन तपासायला.

शनिवार, २२ मार्च

पेन कागदात रुततंय. रागाने.

कन्येला दुपारपर्यंत ऑफिस, म्हणून मी एकटीच बाराला गेले. प्रदर्शन भरवणारा एक पोनीवाला आहे. डोक्यावर मागे केसांची गाठ, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. त्याचं स्वतःचं चित्र दारासमोर, दरवाजाएवढं, सगळं काळं, नाव 'अनामिक'. कन्येची तीन मागच्या भिंतीवर, पंख्याखाली.

आधी 'विकले' अशी चिठ्ठी कुठे आहे का बघितलं. कुठेच नव्हती. मग खाली पाहिलं. तिन्हींना लाल टिकली.

खरं तर मी बरोबर ठरले होते. गेले तीन आठवडे हेच म्हणत होते. पण त्या टिकल्या पाहिल्या आणि माझं डोकं फिरलं. कोण हा? याला धड मोजे घालता येत नाहीत! तिच्या चुका काढायच्या तर मी काढीन. मी आई आहे. रात्रभर पुसून पुसून नेलेल्या टॉवेलवर हा टिकल्या चिकटवणार? आणि खुर्च्यांवर? खुर्च्यांत काय चुकलंय? मी स्वतः तपासल्या आहेत!

आजूबाजूला कुणी नव्हतं. तिन्ही टिकल्या नखाने काढल्या. टाकायला डबा दिसेना, म्हणून जिथे त्यांची खरी जागा होती तिथे लावल्या. 'अनामिक'खाली. तिन्ही, एका ओळीत.

फार बरं वाटलं.

रविवार, २३ मार्च, सकाळ

कन्या काल संध्याकाळी घरी आली, जेवली नाही. माझं एकही विकलं गेलं नाही म्हणाली. पोनीवाल्याचं मात्र तिघांना हवं आहे, तो हॉलभर मिठ्या मारत फिरत होता. मग म्हणाली, ठीक आहे, ठरल्याप्रमाणे. सोमवारी साहेबांना सांगते की मी राहते.

रंगांची पेटी कपाटावर टाकली. ढकलून मागे.

म्हणजे झालं सगळं मनासारखं. आवाज न चढवता. मला आनंद झाला आहे. पोहे खारट झाले ते मीठच नवीन आहे म्हणून.

रविवार, दुपार

दातांच्या डॉक्टरांचा यांना फोन. आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी काल सकाळी खुर्च्यांचं चित्र दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावायला घेतलं, पैसेही भरले. आज पुन्हा बघायला गेले तर खालची लाल टिकली गायब. टिकली म्हणजे विकलं गेल्याची खूण, मग माझं चित्र दुसऱ्याला दिलं की काय, असं विचारत होते.

हे फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी नुसतं नख बघत होते. मग यांना सगळं सांगावं लागलं. वाचनालयाचंसुद्धा. वाचनालयाचं ऐकून हे जमिनीवर बसले. हसत होते की काय होत होतं कळेना. आवाज येत नव्हता, खांदे हलत होते.

ही पद्धत अत्यंत चुकीची आहे. विकलं असेल तर सरळ 'विकले' लिहावं. माणूस अशिक्षित आहे का?

सोमवार, २४ मार्च

सकाळी दहाला वाचनालय. टिकलीवाली आठही चित्रं अजून गिऱ्हाईकाची वाट बघत होती, ती मीच घेतली. दुसरा मार्ग नव्हता. पोस्टमास्तर म्हणाले, बाई, घोडा तुम्ही घेतलात! तुम्हाला त्यातलं नेमकं काय भावलं? मी म्हटलं, पाय. तेवढं खोटं बोलावं लागलं. दिवाणखान्यात आता आठ चित्रं आहेत. घड्याळ काढावं लागलं.

दुपारी सभागृह. पोनीवाल्याला खरं सांगितलं. 'अनामिक'समोर खाली बसला. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला. टिकल्या लावणारी मुलगी दुपारी सुट्टीवर गेली आणि याने वही उघडून पाहिलीसुद्धा नाही. मी तेवढं त्याला सुनावलं. कन्येची तिन्ही चित्रं सुरक्षित आहेत. तीन वेगवेगळी गिऱ्हाइकं.

कन्येला अजून सांगितलेलं नाही. गप्प राहिले तर नोकरी राहते. हे येता-जाता कपाटावर बघतात. मला मुद्दाम चिडवायला.

मंगळवार, २५ मार्च

सांगितलं. सगळं. कारण ते योग्य होतं, यांच्या बघण्यामुळे नाही.

मला वाटलं ओरडेल. मी तयारीत होते, उत्तरं ठरवून ठेवली होती. तिने फक्त विचारलं, तिन्ही? मी म्हटलं, तिन्ही. मग म्हणाली, काल साहेबांना सांगून झालंय आई, मी राहते आहे.

मग जा आणि परत सांग! मी म्हटलं.

नाही म्हणाली. शनिवारी भिंतीवर एकही टिकली दिसली नाही तेव्हा वाईट वाटलं, पण घरी येता येता सुटल्यासारखंही वाटलं. रोज उठून हे जमेल का, याची भीती गेली. ते मला आधी कळायला हवं होतं. तुझ्यामुळे नाही गं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

उगाच! माझ्यामुळे नाही! मी जाऊन स्वतःच्या हाताने टिकल्या काढल्या आणि माझ्यामुळे नाही? मी तासभर बोलत होते. नोकरी म्हणजे काय असतं, साहेब म्हणजे काय असतात, विम्याच्या फायली म्हणजे काय आयुष्य आहे, तीन अनोळखी माणसं स्वतःहून चित्रं घेतात म्हणजे काय, नळाच्या दोन सावल्या कुणाला दिसतात? मला दिसल्या नव्हत्या! आणि भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून काय पेटी कपाटावर टाकायची?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा खांदा थोपटला. म्हणाली, आई, तू तीन आठवड्यांपूर्वी सांगत होतीस तेच बरोबर होतं.

मी तीन आठवड्यांपूर्वी काहीही सांगत होते!

सोमवार, ३१ मार्च, सकाळी

निश्चय: आता या विषयावर एक शब्द नाही. मोठी झाली आहे, तिचं तिला कळतं.

कन्या वेळेवर निघाली. इस्त्रीचे कपडे, डबा, छत्री. फाटकापाशी पोहोचली. मी सहज गॅलरीत उभी होते. तिथून ओरडले, राजीनामा दे!

तिला नीट ऐकू आलं नसावं. मागे वळून हसली, हात हलवला, गेली.

समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. काय झालं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, डबा विसरली.

डबा तिच्या हातात होता. लांबपर्यंत दिसत होता.