सहाव्या होलजवळचे भगदाड

मी फिनले मॅकअ‍ॅस्किल, वय एक्याऐंशी, गोल्फच्या मैदानाचा निवृत्त राखणदार आणि आमच्या चर्चचा एक पंच, राहणार स्कारावे, स्कॉटलंडची पश्चिम बेटे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी देणेघेणे नसावे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला घरात कोणी उरलेले नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मैदानाचे नऊ होल, म्हणजे खेळाचे नऊ पट्टे, लिहिले होते. आता पाच आहेत.

१. राहते घर माझा धाकटा भाऊ रुआरी याची मुलगी इश्बेल हिला मिळावे. छप्पर वायव्येच्या कोपऱ्यात गळते, हे तिला माहीत आहे. बादली तीच ठेवते.

२. गवत कापायचे यंत्र, हिरवळ दाबायचा रूळ आणि दोन्ही दाताळी क्लबला द्यावीत. क्लबच्या चिटणिसाच्या हातात मात्र काही देऊ नये. त्याने शहाण्णव साली नेलेली माझी कुदळ अजून त्याच्याच कोठारात आहे.

३. गायरानातला माझा हिस्साही इश्बेलला. ही जमीन बारा कुळांची. माझ्या आजोबांच्या काळी जमीनदाराला गोल्फचा नाद लागला आणि त्याने मेंढ्या हुसकावून गायरान बळकावले. ज्यांची मेंढरे हाकलली, त्यांनाच त्याने हिरवळ राखायला लावले. पुढे त्याच्या वारसांनी अंग काढून घेतले, जमीन गावाकडे परत आली, मेंढ्याही आल्या. खेळ मात्र आम्ही ठेवला, कारण तोवर तो आमचाही झाला होता. एवढे टिकवून आजोबांनी आमच्या हाती दिले, आणि मी त्याची माती केली.

४. ती कशी, हे लिहिल्याशिवाय मला मरता येणार नाही. अठ्ठ्याऐंशी साली पाहुण्यांना सहाव्या होलवरून समुद्र दिसावा म्हणून मी किनाऱ्यावरचा वाळूचा बांध तिथे कापला. रुआरी तेव्हाच म्हणाला होता, "दादा, त्यांना समुद्र दिसेल, आणि समुद्राला आपण दिसू." मी हसलो होतो.

सोळा वर्षांनी एका शनिवारी रेडिओवर सूचना आली: सोमवारी पहाटे मोठे वादळ. रविवारी सकाळी रुआरी दारात उभा.

"दादा, ट्रॅक्टरची किल्ली दे. दुपारपर्यंत ओहोटी आहे. बाराही घरं कामाला लागली तर भगदाड दगडांनी भरून होईल."

"आज रविवार आहे, रुआरी."

"ते समुद्राला कोण सांगणार? तू?"

रविवार देवाचा, म्हणून आमच्याकडे त्या दिवशी दोरीवरचा वाळलेला कपडाही कोणी काढत नाही. मैदानाला कुलूप असते. मी किल्ली खिशात घातली आणि चर्चला गेलो. बाहेर पडलो तेव्हा रुआरी एकटाच हातगाडीने दगड ओढत होता. सगळे गाव थांबून बघत होते. मी पुढे होतो. मी खाली भगदाडाकडे उतरलो असतो तर सगळे उतरले असते. मी घरी येऊन जेवलो.

सोमवारी दुपारपर्यंत चार होल आणि एकतीस मेंढ्या गेल्या. त्यानंतर मी जे केले त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मी पंचांपुढे तक्रार केली, ती रुआरीची, रविवार मोडल्याची. त्याचे घर माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. एकवीस वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही.

५. मला किर्स्टीशेजारी पुरावे. माझ्या बायकोच्या कबरीपासून समुद्र आता बावीस पावलांवर आहे. दर महिन्याला मी मोजतो, आणि आकडा कधी वाढत नाही. पण तिला उकरून दुसरीकडे नेऊ नये. मी तिच्यासाठी एक बांध राखू शकलो नाही. निदान बरोबर तरी वाहून जाईन.

६. माझ्या दफनाच्या दिवशी भरतीचे भय असेल, तर मला घरातच ठेवावे आणि खांदेकऱ्यांनी आधी फावडी घेऊन भगदाडाकडे जावे. वार कोणताही असो. त्याने काही वाचेल असे मला वाटत नाही. तरी जावे.

७. साक्षीदार म्हणून मला रुआरीच हवा होता, म्हणजे कलम चार त्याच्या वाचनात येईल. इश्बेलला निरोप घेऊन धाडले. ती खाली मान घालून परत आली. "काका, बाबा सही करतो म्हणाले. पण रविवारी, चर्च चालू असताना. नाहीतर नाही म्हणाले."

तीन आठवडे मी धुसफुसत काढले. आज चर्चमधली माझी जागा साठ वर्षांत पहिल्यांदा रिकामी आहे. रुआरी आला. बसला नाही. इथवर उभ्यानेच वाचले आणि म्हणाला, "त्या दिवशी तू नुसता उतरला असतास ना दादा, तर गेलं असतं तरी मला चाललं असतं." हे मी त्याच्यासमोर लिहून घेत आहे. आता पेन त्याच्या हातात देतो.

लिहून ठेवणार: फिनले मॅकअ‍ॅस्किल
साक्षीदार: रुआरी मॅकअ‍ॅस्किल, भाऊ
साक्षीदार: उना गिलीज, परिचारिका

मुक्काम स्कारावे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, चर्चच्या वेळेत