लोंबीची कुसळं आणि तुमची लेन्स

बाबा, तुमची लेन्स धारदार आहे! आधी हेच सांगतो, बाकीचं मागून. सकाळपासून मला जेवणाचंही भान नाही. मागच्या भिंतीवर तुमचं पांढरं धोतर ताणून, त्यावर धानाची लोंब टाचून मी फोटोमागून फोटो काढतो आहे.

अर्जुनीच्या आपल्या स्टुडिओत कुठलीही लेन्स आली की तुमची परीक्षा हीच असायची. रेघांचा छापील तक्ता तुम्ही कधी लावला नाहीत. तिपाईवर कॅमेरा, समोर लोंब, मग फोटो मोठा करून कुसळं बघायची. केसाएवढं कुसळ सुटं दिसलं की लेन्स पास. इटियाडोह धरणावरचे पक्षी तुम्ही तुमच्या याच लेन्सनं टिपायचात.

आणि मी कॉलेजातून नवा कॅमेरा घेऊन आलो, तो इंटरनेटवरचे चाचण्यांचे आकडे तुमच्यापुढे नाचवत. माझ्या लेन्सचा आकडा मोठा, तुमचीचा लहान. "ही बाद झाली, बाबा," मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. तुम्ही चष्मा पुसत राहिलात. "आकडे कायले पाहून राहिला बे? लोंब पाय ना." मी पाहिली नाही. ओल धरू नये म्हणून तुम्ही तांदळाची पुरचुंडी घालून लेन्स डब्यात ठेवलीत, ती पुन्हा काढली नाहीत. इटियाडोहला जाणंही सोडलंत.

तुमच्या लेन्सची चाचणी जुन्या, कमी मेगापिक्सेलच्या सेन्सरवर झाली होती, माझ्या लेन्सची नव्या, दाट सेन्सरवर. आकडा एकट्या लेन्सचा नसतो, दोघांचा मिळून असतो. एकाचं धान धड पायलीनं मोजावं आणि दुसऱ्याचं फुटक्या पायलीनं, तसं मी केलं होतं.

आज दोन्ही लेन्स एकाच कॅमेऱ्यावर लावल्या. लोंब तीच, ऊन तेच. फोटोच्या मधोमध तुमची लेन्स नवीला तोडीस तोड! तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोत जिथे एक जाडं कुसळ दिसायचं, तिथे तीन सुटी निघाली, आणि एकावर इवलासा किडा, जो माझ्या डोळ्यांनाही दिसला नव्हता. कोपऱ्यांत जराशी ढेपाळते, खोटं कशाला बोलू. मी असा ओरडलो की तुमची सून धावत आली.

"काय झालं जी?"

मी स्क्रीन दाखवली. "हा तं किडा आहे. त्यासाठी बोंबलता काऊन?"

तिला हसू आवरेना, मलाही. उद्या इटियाडोहला जातो, हीच लेन्स घेऊन. हे पत्र डब्यातच ठेवीन, पुरचुंडीशेजारी.

एक गोष्ट मघापासून टाळतो आहे. वेगळ्या सेन्सरांवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात, हे मला आज कळलेलं नाही. तुम्ही जाण्याच्या दोन वर्षं आधीच मी ते वाचलं होतं. तुम्ही समोरच बसला होतात, डब्यातले तांदूळ बदलत. मी वाचून संपवलं आणि तुम्हाला विचारलं, चहा घेता का.